टपालानें फिरलेलें ग्रंथालय

शास्त्रांचा इतिहास लिहितांना आपली दृष्टि बहुधा शोधांवर आणि शोधकांवर खिळलेली असते. अमक्यानें अमुक सालीं अमुक सिद्धांत मांडला, अमक्यास अमुक पारितोषिक मिळालें, एवढें सांगितलें म्हणजे इतिहास पुरा झाला असें आपण मानतों. परंतु तो शोधक कोणते ग्रंथ वाचीत होता, ते त्याच्या हातीं कोठून आले, त्यानें लिहिलेला निबंध कोणीं छापला, आणि छापल्यावर तो कोणाच्या टेबलावर जाऊन पडला, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आमच्या मतें आपल्या देशाच्या बाबतींत हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. कारण येथें बुद्धीचा दुष्काळ कधींच नव्हता, दुष्काळ होता तो बुद्धीस लागणाऱ्या खाद्याचा. प्रस्तुत लेखांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील कांहीं उदाहरणें घेऊन ह्या प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतील पहिल्या व शेवटच्या उदाहरणाचा संबंध पुण्याशीं येतो. परंतु तो आतां पुणेकरांच्याही फारसा स्मरणांत राहिलेला नाहीं.

मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील विद्यापीठें १८५७ सालीं स्थापन झालीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पण पहिलीं पन्नास वर्षें तीं मुख्यतः परीक्षा घेणारीं मंडळें होतीं. शिकविण्याचें काम कॉलेजांकडे असे, आणि कॉलेजांच्या कपाटांत क्रमिक पुस्तकांपलीकडे फारसें कांहीं आढळत नसे. मुंबईस एशियाटिक सोसायटीचा जुना व समृद्ध ग्रंथसंग्रह होता; कलकत्त्यासही होता. परंतु ते सभासदांसाठीं होते, आणि त्यांत पुरातत्त्व, भाषा, इतिहास ह्यांचा भरणा अधिक. एखाद्या जिल्ह्याच्या गांवीं गणिताचा पदवीधर मामलेदारी किंवा मास्तरकी करीत असला, तर बर्लिनहून १८२६ पासून निघणारें क्रेलचें गणितविषयक नियतकालिक त्याच्या दृष्टीस पडण्याचा योग जन्मांत येत नसे. परीक्षेंत पहिला आलेला विद्यार्थी पंचविसाव्या वर्षीं जेथें उभा असे, तेथेंच तो पंचावन्नाव्या वर्षीं पेन्शन घेई. ह्याला त्याचा आळस कारण नव्हता. पुढची वाट कोणत्या दिशेस गेली आहे हें सांगणारें पानच त्याच्यापर्यंत येत नव्हतें.

ह्या स्थितीवर उपाय सुचला तो कोणा विद्यापीठास किंवा सरकारास नव्हे, तर एका डेप्युटी कलेक्टरास. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यांतील गुत्ती येथें नोकरीस होते. महसुलाचीं दप्तरें पाहून उरलेला वेळ ते भूमितीस देत. १९०६ च्या अखेरीस त्यांनीं देशांतील गणितप्रेमी मंडळींस एक पत्र लिहिलें. त्यांतील कल्पना अगदीं साधी होती. एकट्याच्या पगारांत परदेशीं नियतकालिकें व नवे ग्रंथ घेणें शक्य नाहीं. पण आपण सर्वांनीं वर्गणी जमविली तर तीं मागवितां येतील, आणि मागविलेलें प्रत्येक पुस्तक टपालानें एकाकडून दुसऱ्याकडे फिरवितां येईल. ह्या पत्रास जो प्रतिसाद मिळाला त्यांतून एप्रिल १९०७ मध्यें सुमारे वीस सभासदांचें एक मंडळ उभें राहिलें. त्याचें आरंभींचें नांव अ‍ॅनॅलिटिक क्लब. १९१० सालीं तेंच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ह्या नांवानें प्रसिद्ध झालें.

मंडळाचे सभासद देशभर विखुरलेले. तेव्हां ग्रंथ ठेवावयाचे कोठें? निवड झाली ती पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजची. त्या वेळीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथें प्रिन्सिपॉल होते. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डी गांवच्या ह्या मुलानें १८९९ सालीं केंब्रिजमध्यें सीनियर रँग्लरचा मान मिळविला होता, व त्यानंतर मोठमोठ्या पगाराच्या आशेस न भुलतां त्यांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें व्रत पत्करलें होतें. त्यांच्या देखरेखीखालीं हा संग्रह फर्ग्युसन कॉलेजांत सुरू झाला व सुमारे १९५० पर्यंत तेथेंच राहिला. पुढें तो मद्रासला नेण्यांत आला. म्हणजे चाळीसांहून अधिक वर्षें हिंदुस्थानांतील गणिताचें सामायिक ग्रंथालय पुण्याच्या एका टेकडीच्या पायथ्याशीं होतें, आणि त्याचा वाचनालयाचा कक्ष मात्र बंगलोर, मद्रास, लाहोर, जेथें जेथें टपालाची पिशवी जाई तेथें तेथें पसरलेला होता.

ह्या व्यवस्थेचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. ग्रंथालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें इमारत उभी राहते. ह्या मंडळींनीं इमारतीचा विचार मागाहून केला. पुस्तक वाचकाकडे गेलें पाहिजे, वाचकानें पुस्तकाकडे जाण्याची वाट पाहूं नये, हें त्यांचें धोरण. त्यांत उणीवाही होत्या. पुस्तक पोहोंचण्यास विलंब लागे. एकानें अडवून ठेवलें कीं पुढचे सर्व खोळंबत. आणि वर्गणी देणाऱ्यांचेंच हें मंडळ असल्यामुळें ज्याला वर्गणी परवडत नसे तो बाहेरच राही. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. जें काम मोठमोठ्या संस्थांस सुचलें नाहीं तें शिक्षक व सरकारी नोकर अशा मध्यम स्थितींतील माणसांनीं स्वतःच्या खिशांतून केलें.

वाचावयास मिळालें म्हणजे लिहावेंसें वाटतें, हा तर मनुष्यस्वभाव आहे. १९०९ सालीं मंडळानें स्वतःचें नियतकालिक काढलें. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजांतील प्राध्यापक एम्. टी. नारायण अय्यंगार हे त्याचे संपादक होते. ह्याच नियतकालिकांत १९११ सालीं श्रीनिवास रामानुजन् ह्यांचें नांव प्रथम छापून आलें. तें आलें एका प्रश्नाच्या निमित्तानें. वर्गमुळाच्या पोटांत वर्गमूळ, त्याच्या पोटांत आणखी एक, अशी अनंत उतरंड त्यांनीं मांडली व तिची किंमत काढून दाखविण्याचें वाचकांस आव्हान दिलें. तीन अंक निघून गेले तरी कोणाचेंही उत्तर आलें नाहीं. शेवटीं रामानुजन् ह्यांनीं स्वतःच तें दिलें. उत्तर होतें फक्त ३! त्याच वर्षीं बर्नुलीच्या संख्यांवरील त्यांचा पहिला निबंधही तेथेंच प्रसिद्ध झाला. त्यांची लिहिण्याची रीत इतकी त्रोटक होती कीं सामान्य वाचकास ती समजावी म्हणून संपादकांस निबंध पुनःपुन्हा परत पाठवावा लागला. ही मेहनत परदेशांतील एखाद्या संपादकानें एका अनोळखी, नापास झालेल्या विद्यार्थ्यासाठीं घेतली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

रामानुजन् ह्यांच्या चरित्रांतील करुण भाग नेमका ह्याच विषयाशीं संबद्ध आहे. कुंभकोणम् येथें १९०३ च्या सुमारास त्यांच्या हातीं कार नांवाच्या इंग्रज शिक्षकाचा एक सिद्धांतसंग्रह उसना म्हणून आला. त्यांत हजारों सिद्धांत होते, पण बहुतेकांस सिद्धता नव्हती, आणि जें होतें तेंही बरेंच जुनें होतें. त्या एका पुस्तकाच्या शिदोरीवर हा मुलगा कित्येक वर्षें एकटाच चालत राहिला. १९१० सालीं तो रामस्वामी अय्यरांकडे कारकुनाची जागा मागावयास गेला, तेव्हां त्याच्या वह्या पाहून अय्यरांनीं त्यास ती जागा दिली नाहीं. ह्या बुद्धीस महसूलखात्याच्या खालच्या पायरीवर गाडून टाकणें त्यांच्या जिवावर आलें. पुढें मार्च १९१२ मध्यें मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें दरमहा ३० रुपयांवर त्यास काम मिळालें, तेंही ह्याच मंडळांतील माणसांच्या ओळखीमुळें. जानेवारी १९१३ मध्यें त्यानें प्रोफेसर हार्डी ह्यांस लिहिलेलें पत्र तर जगप्रसिद्धच आहे. परंतु हार्डी ह्यांनीं पुढें केलेला हिशेब तितका प्रसिद्ध नाहीं. रामानुजन् ह्यांनीं हिंदुस्थानांत असतांना केलेल्या उत्तम कामापैकीं सुमारें दोनतृतीयांश भाग युरोपांत आधींच कोणीं ना कोणीं शोधून काढलेला होता, असा त्यांचा अजमास होता. आयुष्याचीं अवघीं बत्तीस वर्षें लाभलेल्या माणसानें आपल्या उमेदीचा केवढा काळ दुसऱ्यांनीं आधींच खणलेली विहीर पुन्हा खणण्यांत घालविला! ह्याहून ग्रंथांच्या अभावाची किंमत स्पष्टपणें सांगणारें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ही झाली प्रश्नाची एक बाजू. म्हणजे जगाचें लिहिलेलें आपल्यापर्यंत येणें. दुसरी बाजू आपलें लिहिलेलें जगापर्यंत जाण्याची. आणि ती पहिलीहून कमी बिकट नव्हती. कलकत्ता विद्यापीठांतील तरुण अध्यापक मेघनाद साहा ह्यांनीं १९१७ सालीं ताऱ्यांच्या वातावरणावर प्रकाशाचा दाब कसा पडतो ह्याविषयीं एक विस्तृत निबंध लिहिला व तो अमेरिकेंतील खगोलभौतिकीच्या प्रमुख नियतकालिकाकडे पाठविला. उत्तर आलें कीं निबंध लांब आहे. छपाईच्या खर्चाचा कांहीं भाग लेखकानें सोसल्यास तो छापतां येईल. ती रक्कम शंभराहून अधिक डॉलर होती. साहांचा पगार बेताचा, घरीं वृद्ध आईबाप व धाकटा भाऊ. त्यांनीं निबंध परत मागविला नाहीं व पैसेही पाठविले नाहींत. तें प्रकरण तेथेंच राहिलें. पुढें त्यांनीं तो विषय कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञानविभागाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला; पण त्या नियतकालिकाचा प्रसार जवळजवळ नव्हताच. ह्या कल्पनेचा आद्य प्रवर्तक म्हणून आपलें नांव घेतलें जाऊं शकलें असतें, ही खंत त्यांनीं बऱ्याच वर्षांनीं एका पत्रांत बोलून दाखविली आहे. १९२० सालच्या त्यांच्या उष्णताजन्य आयनीभवनाच्या सिद्धांतानें त्यांस अमर कीर्ति दिली हें खरें. तरी पहिल्या निबंधाचें झालें तें झालेंच.

ह्या दुसऱ्या प्रश्नास ज्यांनीं बाणेदार उत्तर दिलें ते चंद्रशेखर वेंकट रामन्. त्यांचें म्हणणें असें कीं देशाची शास्त्रीय प्रतिष्ठा प्रयोगशाळांत पाया धरते खरी, पण तिची इमारत देशाच्या स्वतःच्या नियतकालिकांनींच उभी राहते. महेंद्रलाल सरकार ह्यांनीं १८७६ सालीं कलकत्त्यास स्थापिलेल्या संस्थेंत रामन् काम करीत असत. तेथून १९२६ सालीं इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स निघूं लागलें. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं नव्या प्रकाशपरिणामाचा शोध लागला. १६ मार्चला रामन् ह्यांनीं बंगलोर येथें त्यावर व्याख्यान दिलें, आणि महिना संपण्याच्या आंत तें ह्या नियतकालिकासाठीं छापून झालें. त्याच्या सुट्या प्रती युरोप व अमेरिकेंतील शास्त्रज्ञांकडे टपालानें रवाना करण्यांत आल्या. मॉस्कोंत त्याच सुमारास लांड्सबेर्ग व मांडेलश्टाम हे तशाच निष्कर्षाप्रत आले होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या त्वरेचें महत्त्व कळतें. हातांत स्वतःचें नियतकालिक होतें म्हणून दुसऱ्याच्या दाराशीं तिष्ठत बसावें लागलें नाहीं. विलायतेंतील ‘नेचर’ मध्येंही त्यांनीं पत्र धाडलें होतें, हें विसरतां कामा नये. स्वदेशीचा अभिमान आणि जगाचा व्यवहार ह्या दोहोंची सांगड त्यांनीं घातली. पुढें १९३२ सालीं ‘करंट सायन्स’ निघालें व १९३४ सालीं बंगलोरच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचीं ‘प्रोसीडिंग्ज’ सुरू झालीं, त्या दोन्हींमागें हीच प्रेरणा होती.

परंतु रामन् ह्यांच्यापाशीं जी व्यवहारदक्षता व जो दरारा होता तो सर्वांपाशीं असतो असें नाहीं. गोव्यांत कोसबें येथें जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे १९४५ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. म्हणजे जेथें तें टपाली ग्रंथालय होतें त्याच आवारांत. १९४३ च्या सुमारास त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक आनुवंशिकतेविषयीं होता: गुणसूत्रावरील दोन घटकांमधील अंतर प्रयोगांतील टक्केवारीवरून कसें काढावें, ह्याचें सूत्र त्यांत दिलें होतें. हा निबंध इंग्लंडांतील एका शास्त्रीय नियतकालिकांत आला. आज जगांतील कोणत्याही देशाचा, गव्हाच्या किंवा भाताच्या जातींवर काम करणारा संशोधक ‘कोसंबी फंक्शन’ हें नांव जाणतो. दुसरा निबंध गणिताचा होता: वेड्यावांकड्या, अनियमित भासणाऱ्या वक्राचें पृथक्करण परस्परांशीं निगडित नसलेल्या थोड्या मूळ वक्रांच्या बेरजेंत कसें करितां येतें, हें त्यांत दाखविलें होतें. हा आला इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकांत. थोड्याच वर्षांनीं फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह ह्यांनीं स्वतंत्रपणें तोच विचार मांडला, आणि तो सिद्धांत त्या दोघांच्या नांवानें पुस्तकांत गेला. चित्रें व ध्वनि ह्यांचें यंत्रांकरितां संक्षेपीकरण करण्यांत आज त्याचा उपयोग होतो. कोसंबींचें नांव त्यास अलीकडे कोठें कोठें जोडलें जाऊं लागलें आहे.

लेखक एक, काळ एक, गांव एक. फरक काय तो नियतकालिकाचा. अर्थात् एवढ्यावरून सर्व दोष नियतकालिकाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तो महायुद्धाचा काळ होता. जहाजांनीं जाणारें टपाल अनिश्चित झालें होतें. शिवाय कोसंबींचें मन नाणकशास्त्र, इतिहास अशा इतर विषयांकडे वळूं लागलें होतें. तरी दोन निबंधांच्या दैवांत पडलेलें अंतर इतकें ठळक आहे कीं त्याकडे डोळेझांक करितां येत नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं कस्तुरीचा वास लपत नाहीं; खरा गुण आज ना उद्यां जगास कळतोच, आणि रामानुजन् काय, सत्येंद्रनाथ बोस काय, हेच त्याचे दाखले आहेत. आम्हांस हा युक्तिवाद पटत नाहीं. रामानुजन् ह्यांस हार्डी भेटले. बोसांचा निबंध १९२४ सालीं खुद्द आइन्स्टाइन ह्यांनीं जर्मनमध्यें भाषांतरून छापविला. हीं दोन थोर मनांचीं उदाहरणें आहेत, व्यवस्थेचीं नव्हेत. ज्यांच्या पत्रांस उत्तर आलें नाहीं त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक असण्याचा संभवच नाहीं. म्हणून गुण लपत नाहीं असें म्हणणें सोपें जातें.

स्वातंत्र्यानंतर ह्या दिशेनें मोठे प्रयत्न झाले. त्यांस वैचारिक बैठक मिळाली ती मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन् ह्यांच्यामुळें, आणि तेही मूळचे गणिताचे अध्यापक, हा योगायोग मोठा सूचक आहे. ग्रंथ हे जपून ठेवण्याकरितां नसून वापरण्याकरितां आहेत, हा विचार त्यांनीं १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांत पायाभूत मानला. १९५२ सालीं युनेस्कोच्या साह्यानें दिल्लीस इन्सडॉक ही संस्था निघाली; मागणी येईल त्या निबंधाची छायाप्रत किंवा भाषांतर पुरविणें हें तिचें काम. गुत्तीच्या डेप्युटी कलेक्टराची कल्पनाच सरकारनें आतां हातीं घेतली होती.

आज परिस्थिति पार पालटली आहे. टपालाची पिशवी जाऊन विजेच्या वेगानें धांवणारें जाळें आलें. १९९१ पासून गणित व भौतिकी ह्या शास्त्रांतील निबंध ‘आर्काइव्ह’ नांवाच्या भांडारांत कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतात. बंगलोरच्या अ‍ॅकॅडमीनें आपलीं नियतकालिकें संकेतस्थळावर खुलीं ठेविलीं. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २००९ च्या नियमांमुळें पीएच्. डी. चे प्रबंध ‘शोधगंगा’ ह्या सामायिक भांडारांत जमा होऊं लागले. पूर्वीं त्यांवर धूळ बसे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांकरितां सुमारे ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांचीं सुमारे १३,००० नियतकालिकें सहा हजारांहून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांस उपलब्ध करून देण्याचा हा उपक्रम २०२५ पासून सुरू झाला. तालुक्याच्या गांवच्या सरकारी कॉलेजांतील विद्यार्थी व दिल्लीचा संशोधक एकच पान उघडूं शकतात, ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि तिचें श्रेय ज्याचें त्यास दिलें पाहिजे.

तरी इतिहासानें शिकविलेले दोन प्रश्न आम्हांस विचारावेसे वाटतात. पहिला असा कीं ह्या योजनेचें दार संस्थेच्या नांवानें उघडतें, माणसाच्या नांवानें नाहीं. पोर्ट ट्रस्टमधला तीस रुपयांचा कारकून कोणत्या संस्थेचा विद्यार्थी होता? कॉलेजांतून तर तो नापास होऊन बाहेर पडला होता. निवृत्त शिक्षक, खासगी दवाखान्यांतील डॉक्टर, स्वतःच्या शेतावर प्रयोग करणारा पदवीधर, हे सर्व आज त्याच्याच जागीं उभे आहेत. गणितवाल्याची भूक भांडारांतून भागेल. वैद्यक, रसायन, कृषि ह्यांचें तसें नाहीं.

दुसरा प्रश्न साहांच्या बिलाचा. वाचकाकडून पैसे न घेतां लेखकाकडून घेण्याची पद्धति अलीकडे रूढ होत आहे, आणि कित्येक नामांकित नियतकालिकें एका निबंधामागें हजार दोन हजार डॉलर किंवा त्याहूनही अधिक मागतात. वाचकास दार खुलें झालें, पण लेखकाच्या दारावर जकातनाका बसला. ज्यास ती जकात परवडत नाहीं तो मग शुल्क घेऊन वाटेल तें छापणाऱ्या भुरट्या नियतकालिकांच्या तावडींत सांपडतो. बढतीसाठीं निबंधांची संख्या मोजली जाऊं लागल्यापासून ह्या धंद्यास आपल्या देशांत बरकत आली आहे. साहांचा निबंध निदान थोड्यांनीं तरी विश्वासानें वाचला. ह्या नियतकालिकांतील चांगला निबंधही संशयानें बाजूस टाकला जातो.

१९०७ च्या त्या मंडळींनीं ग्रंथसंग्रह आणि नियतकालिक हीं दोन्हीं कामें एकाच हातानें केलीं, आणि त्यांतच त्यांचें शहाणपण होतें असें आमचें मत आहे. बाहेरचें ज्ञान विकत आणण्यास आज आपण कोट्यवधि रुपये खर्चतों, तें योग्यच आहे. परंतु त्या रकमेचा लहानसा अंश जरी देशांतील उत्तम नियतकालिकें उभारण्यास, त्यांस चांगले संपादक देण्यास, व तीं लेखक आणि वाचक दोघांसही विनामूल्य ठेवण्यास लावला, तर जमाखर्च दोन्ही बाजूंनीं जुळेल. नारायण अय्यंगारांसारखा, अनोळखी मुलाचा निबंध तीन तीन वेळां दुरुस्तीस परत धाडणारा व अखेर छापणारा संपादक कोणत्याही वर्गणींत विकत मिळत नाहीं. तो घडवावा लागतो. हें काम सरकारनें करावें, विद्यापीठांनीं करावें, असें म्हणून स्वस्थ बसण्याची आपणां सुशिक्षितांस संवय आहे. गुत्तीच्या त्या पत्राचा प्रारंभ मात्र कोणाच्या हुकुमाची वाट पाहून झालेला नव्हता.